‘त्या पहिल्या ठरल्या’

कमला सोहोनी यांच्यावरच्या विकिपीडियातल्या मराठी नोंदीत भर घालायला मी बसले, तेव्हा हे काम साहित्यसमीक्षेच्या जवळ जाईल असं मला वाटलं नव्हतं. एक कादंबरी प्रकाशकाकडे गेली होती, दुसरी सुरू व्हायची होती. मधल्या दिवसांत हात चालता राहावा एवढाच हेतू. पडद्यावर डावीकडे इंग्रजी मजकूर, उजवीकडे माझा मराठी. गुरुग्राममध्ये मराठी कानावर फारशी पडत नाही. लिफ्टमध्ये हिंदी, कामाच्या पत्रव्यवहारात इंग्रजी, मराठी फक्त फोनवर आईशी. त्यामुळे ती लिहिताना मी जरा जास्तच सावध असते. या सावधपणामुळेच असेल, पण तिसऱ्या परिच्छेदाशी मी थबकले. तोवर लिहिलेल्या वाक्यांपैकी एकाही वाक्यात कमलाबाईंनी काही केलं नव्हतं.

वाक्यं अशी होती : रामन यांनी प्रवेश नाकारला. रामन यांनी अटी घातल्या. कमलाबाईंना प्रवेश मिळाला. त्यांना पदवी मिळाली. त्यांना केंब्रिजला जायची संधी मिळाली. त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

शाळेत ‘प्रयोग’ नावाचा एक धडा असतो, कर्तरी, कर्मणी, भावे. परीक्षा झाली की आपण तो विसरतो. पण स्त्री-शास्त्रज्ञांविषयी मराठीत लिहायचं तर प्रयोगशाळेइतकाच तो धडाही महत्त्वाचा आहे. ‘त्या ठरल्या’, ‘त्या गेल्या’, ‘त्या झगडल्या’ या वाक्यांत क्रियापद बाईच्या लिंगाप्रमाणे चालतं. ‘त्यांना मिळालं’ या वाक्यात बाई चतुर्थीत आहे, म्हणजे घेणारी. देणारा कुणीतरी बाहेर आहे. आणि ‘त्यांनी प्रबंध लिहिला’, ‘त्यांनी प्रथिनं वेगळी केली’ या वाक्यांत क्रियापद प्रबंधाच्या आणि प्रथिनांच्या मागे जातं. करणारी बाई आहे की पुरुष, याची ते दखलच घेत नाही. काय झालं तेवढं सांगतं. मराठीने आयती दिलेली ही सोय आहे, आणि आपण ती वापरत नाही. स्त्री-शास्त्रज्ञांवरच्या नोंदी वाचत जा, ‘ठरल्या’ आणि ‘मिळाला’ यांची रांग लागते. सकर्मक क्रियापदं पुरुषांच्या वाट्याला.

बंगालीत क्रियापदाला लिंग नाही, ‘तिनि’ हे सर्वनामही बाई-पुरुष दोघांना चालतं. असीमा चटर्जी यांच्याविषयीचं बंगाली वाक्य वाचताना हा प्रश्न तसा उभाच राहत नाही. मराठीत मात्र दर वाक्याला निर्णय घ्यावा लागतो, आणि एक नव्हे, दोन. लिंगाचा आणि मानाचा. मराठी विकिपीडियावर परदेशी क्रिकेटपटू ‘हा’ असतो, परदेशी नटी ‘ही’ असते, आणि आपले संशोधक, लेखक, पुढारी ‘हे’ आणि ‘या’. तटस्थ शैली, तटस्थ शैली म्हणतो, पण मराठीत आदरार्थी बहुवचनाचा निर्णय न घेता ज्ञानकोशातलं पहिलं वाक्यसुद्धा लिहिता येत नाही. यांत्रिक अनुवादाची तर गोष्टच वेगळी. इंग्रजीतला ‘सायंटिस्ट’ तिथून निघतो आणि मराठीत पोचेपर्यंत त्याला मिशा फुटलेल्या असतात.

तर कमलाबाईंनी काय केलं? मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे गेल्या. वडील आणि काका दोघंही त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. रामन तेव्हा संचालक. पहिल्यांदा नकार, मग अटी : नेहमीची विद्यार्थिनी म्हणून नाही, वर्षभर काम पाहून मग ठरवू, आणि त्यांच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. तो अपमान त्या विसरल्या नाहीत, हे त्यांनी उत्तरायुष्यात सांगितलंही. एवढा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. पण श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं, हा भाग एका वाक्यात उरकतो. ज्या देशात बहुतेकांची प्रथिनं डाळीतूनच येतात तिथे १९३० च्या दशकात एक विशीतली मुलगी डाळीतली प्रथिनं तपासते, यात मला रामन यांच्या नकारापेक्षा मोठी कथा दिसते. केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना त्यांना बटाट्याच्या उतींमध्ये सायटोक्रोम सी आढळलं; वनस्पतींच्या पेशी श्वसन कसं करतात या प्रश्नात त्याचा वाटा काय, हा त्यांच्या प्रबंधाचा गाभा. १९३९ साली डॉक्टरेट.

इथे कौतुक करणारेच घात करतात. कितीतरी ठिकाणी लिहिलेलं आढळतं की सायटोक्रोम सी ‘कमला सोहोनी यांनी शोधलं’. तसं नाही. डेव्हिड केलिन यांनी केंब्रिजमध्येच १९२५ साली सायटोक्रोमला नाव देऊन त्याचं वर्णन केलं होतं. कमलाबाईंचं काम त्या पुढचं, वनस्पतींच्या बाजूचं आहे. ते जेवढं आहे तेवढं भरपूर आहे. पण ‘वनस्पतींच्या उतींमधल्या सायटोक्रोमचा अभ्यास’ यावर टाळ्या पडत नाहीत, म्हणून अख्खा रेणूच त्यांच्या नावावर करून टाकायचा. उद्या जाणकार माणूस ती नोंद वाचतो, दुसऱ्या ओळीला हसतो, आणि पुढचं खरंही खोटं मानून पान बंद करतो.

‘पहिल्या’ या शब्दाचंही तसंच. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, असं सोहोनींबद्दल सर्रास लिहितात. आता सालं पाहू. जानकी अम्माळ यांना मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट वनस्पतिशास्त्रात मिळाली ती १९३१ साली. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि मानवशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन परतल्या. त्यांचा प्रबंध मानवी कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमतेवर होता, कवट्या मोजून केलेला. ते विज्ञान नाही म्हणायचं असेल तर ‘विज्ञान’ शब्दाची व्याख्या आधी सांगावी लागेल. म्हणजे सोहोनींचं ‘पहिलं’पण टिकवायला आपण एकीची पदवी नजरेआड करतो आणि दुसरीचा विषय विज्ञानाबाहेर काढतो. तीन बायकांना एकाच खुर्चीसाठी उभं करून दोघींना खाली बसवण्याचा हा खेळ कुणी मुद्दाम मांडलेला नाही. तो शब्दानेच मांडला आहे.

आणि हे वाक्य इंग्रजीतून मराठीत मीही आणलं होतं. तेव्हा खटकलं नाही. अनुवादक मूळ मजकुराशी इमान राखतो, ही आमची जुनी पळवाट.

हा शब्द इतका लागतो का, याला कारण आहे. कोणत्याही ज्ञानकोशाला दार असतं. केतकरांच्या ज्ञानकोशाला होतं, वाईच्या विश्वकोशाला होतं. तिथे संपादक मंडळ ठरवायचं. विकिपीडियात मंडळ नाही, तिथे ‘उल्लेखनीयता’ आहे : ज्या व्यक्तीबद्दल तिच्याशी संबंध नसलेल्या विश्वासार्ह ठिकाणी पुरेसं छापून आलेलं आहे, तिची नोंद होऊ शकते. नियम वाईट नाही. तो नसता तर ज्ञानकोशाचा जाहिरातफलक झाला असता. पण जिच्याबद्दल जगाने लिहिलं नाही तिच्याबद्दल ज्ञानकोशानेही लिहू नये, असा त्याचा दुसरा अर्थ निघतो. ‘पहिली’ म्हटलं की दार चटकन उघडतं. त्यामुळे ज्या पहिल्या नाहीत त्यांनाही कशात तरी पहिलं करावं लागतं : महाराष्ट्रातल्या पहिल्या, या शाखेतल्या पहिल्या, या संस्थेतल्या पहिल्या. दुसऱ्या आणि सातव्या बाईने काय करायचं?

डॉना स्ट्रिकलंड यांचं उदाहरण आता सगळीकडे सांगतात, पण त्यातला नेमका भाग अनेकदा निसटतो. २ ऑक्टोबर २०१८ ला भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांची नोंद नव्हती. त्याच वर्षी कुणीतरी मसुदा दिला होता, तो पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत गेला. जेरार मुरू यांची नोंद मात्र होती. दोघांना पारितोषिक मिळालं ते १९८५ मध्ये दोघांनी मिळून केलेल्या एकाच कामासाठी. म्हणजे काम सारखं असलं तरी त्याबद्दलचं लेखन सारखं नसतं, आणि ज्ञानकोश मोजतो ते लेखन. फ्रान्सेस्का त्रिपोदी यांनी २०२१ साली दाखवून दिलं की इंग्रजीत स्त्रियांची चरित्रं एकूण चरित्रांच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असताना वगळण्यासाठी सुचवलेल्या चरित्रांत त्यांचं प्रमाण चौथ्या हिश्शाहून जास्त होतं. म्हणजे आत आल्यावरही तिकीट दाखवत राहायचं.

याच्या विरोधात झालेलं काम छोटं नाही. एमिली टेंपल-वुड यांनी २०१२ साली विकिपीडियात स्त्री-शास्त्रज्ञांसाठी वेगळा प्रकल्प सुरू केला. २०१५ मध्ये ‘विमेन इन रेड’ सुरू झालं. नाव ज्ञानकोशातल्या लाल दुव्यांवरून, म्हणजे नाव आहे पण पान नाही, त्यांवरून. तेव्हा इंग्रजी विकिपीडियात स्त्रियांची चरित्रं पंधरा-सोळा टक्के होती, आता वीस टक्क्यांच्या घरात आहेत. जेस वेड ही लंडनमधली भौतिकशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं रात्री बसून नोंदी लिहीत आली आहे. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण टक्केवारी वाढवण्याच्या नादात आपल्याकडे ८ मार्चच्या आसपास ज्या तीन ओळींच्या नोंदी उगवतात त्यांच्याबद्दल बोलायला हवं. जन्म, ‘पहिल्या’, पुरस्कार. कामाचं एकही वाक्य नाही. पोस्टाच्या तिकिटावर चेहरा असतो तशी ही नोंद. त्या बाईने आयुष्यभर कसला विचार केला हे त्यातून कळत नाही. नवी तीन पानं उघडण्यापेक्षा आहे त्या एका पानात प्रयोगाचं एक धड वाक्य घालावं, असं माझं मत आहे. मोजणी करणाऱ्यांना ते पटत नाही, कारण वाढलेलं वाक्य टक्केवारीत दिसत नाही.

नावांचा घोळ हे अनुवादकाच्या जिव्हाळ्याचं प्रकरण. कमलाबाईंचे केंब्रिजच्या काळातले शोधनिबंध भागवत या नावाने आहेत, आणि तेही रोमन लिपीत ‘डब्ल्यू’ऐवजी ‘व्ही’ घेऊन. १९४७ साली लग्न होऊन त्या मुंबईला आल्या आणि सोहोनी झाल्या; इंग्रजीत या आडनावाच्या शेवटी कुठे ‘ई’ लागतो, कुठे लागत नाही. एका माणसाची इंग्रजीत चार माणसं होतात. देवनागरीत निदान ‘भागवत’ एकच राहतं! म्हणजे हे काम इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक नीट होऊ शकतं, आणि तरी आपण इंग्रजी नोंद पुढ्यात घेऊन तिचीच छाया मराठीत पाडत बसतो. कमल रणदिवे मूळच्या समर्थ, इरावती कर्वे मूळच्या करमरकर. लग्नाआधीचं काम एका बाईचं आणि नंतरचं दुसरीचं, असं कुठल्याही सूचीत सहज होऊन बसतं.

मराठी वाचकाला भागवत म्हटलं की दुर्गाबाई आठवतात. साहजिक आहे. लोकसाहित्य, ललितलेखन, कऱ्हाडचं १९७५ चं संमेलन. धाकटी बहीण आपल्या साहित्यव्यवहारात ‘दुर्गाबाईंची बहीण’ म्हणून येते, आणि हे बोलणारे आपणच, साहित्यातले लोक. विज्ञानाने कमलाबाईंना उशिरा ओळखलं असं आपण म्हणतो. साहित्याने ओळखलं का?

इरावतीबाईंच्या बाबतीत तर साहित्यानेच विज्ञान झाकलं. ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि महाभारतावर लिहिणाऱ्या विदुषी ही त्यांची मराठीतली ओळख पक्की झाली. बर्लिनमधले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे बडे प्रस्थ. त्यांच्या हाताखाली राहून या विद्यार्थिनीने कवट्या मोजल्या, आणि कवटीच्या असमतेवरून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही असा निष्कर्ष लिहिला. ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांचं २०२४ चं इंग्रजी चरित्र हा भाग विस्ताराने सांगतं. मात्र नोंद इथेच थांबली तर तीही गौरवपत्रिका होईल. कारण भारतात परतल्यावर इरावतीबाईंनीच महाराष्ट्रातल्या जातींची शरीरमापनं घेतली, आणि मोजमापाच्या त्या पद्धतीवर, तिच्यामागच्या गृहीतकांवर पुढे टीका झाली. बर्लिनमध्ये फिशरना नाही म्हणणारी आणि महाराष्ट्रात पट्टी घेऊन फिरणारी, एकच बाई. स्त्रियांची संख्या वाढवायला आलेल्या आम्हा स्वयंसेवकांना हा दुसरा परिच्छेद लिहायला हात जड होतो. आधीच कमी नोंदी, त्यात टीका कशाला? पण पुरुष शास्त्रज्ञाला चुका असलेलं आयुष्य मिळतं आणि बाईला फक्त सत्कार, ही विषमताही लहान नाही.

पुन्हा स्रोतांकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र काशीबाई कानिटकरांनी १९१२ साली लिहिलं, पत्रांसह. आनंदीबाई मराठी मनात मात्र आल्या त्या श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीतून, जिच्या नावातच निम्मी जागा गोपाळरावांची आहे. मग २०१९ चा चित्रपट. त्यामुळे आनंदीबाईंवरच्या लेखनात गोपाळरावांचा हेकटपणा पानभर येतो आणि हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्रावर लिहिलेला त्यांचा पेनसिल्व्हेनियातला प्रबंध एका ओळीत. नोंद लिहिणाऱ्याचा दोष थोडा, त्याच्या टेबलावर जे पुस्तक आहे त्याचा अधिक. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड आपण अभिमानाने सांगतो, त्याच घरात शीलवतीबाई केतकर विंटरनित्सचा भारतीय साहित्याचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणत होत्या. पुढे आत्मकथन त्यांनी मराठीत लिहिलं, त्याचं नाव ‘मीच हे सांगितलं पाहिजे’. अनुवादक म्हणून हे शीर्षक मी कधी विसरत नाही.

पण ‘मीच सांगितलं’ ज्ञानकोशाला पुरत नाही, ही गंमत पाहा. रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी २००८ साली ‘लीलावतीज् डॉटर्स’ संपादित केलं, भारतीय विज्ञान अकादमीचं प्रकाशन, शंभराच्या आसपास स्त्री-शास्त्रज्ञ. त्यातल्या बऱ्याच जणींनी स्वतःबद्दल स्वतःच लिहिलं आहे. प्रयोगशाळेतला दिवस, मूल आजारी असतानाचा प्रयोग, वाट पाहून मिळालेलं पद. असं लेखन दुसरं कोण करणार? आणि नियम म्हणतो, स्वतःचं स्वतः लिहिलेलं स्वतंत्र साक्ष म्हणून धरता येत नाही. मग दुसऱ्यांनी लिहायला हवं. म्हणजे आपण : चरित्रकार, मुलाखतकार, नियतकालिकांचे संपादक, अनुवादक. ज्या मासिकात कवीच्या साठीनिमित्त विशेषांक निघतो त्याच मासिकात एखाद्या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंची वीस पानी मुलाखत आली असती, तर आज तिच्या नोंदीखाली संदर्भ म्हणून देता आली असती.

कमलाबाई दिल्लीत होत्या, ही गोष्ट मला फार उशिरा जाणवली. केंब्रिजहून परतल्यावर त्यांनी लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत गेल्या. मी गुरुग्रामहून पिवळ्या मार्गिकेने राजीव चौकला उतरते, तिथून ते महाविद्यालय जवळ आहे. वर्षानुवर्षं मी त्या फाटकासमोरून गेले आहे. पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं, राजेंद्रप्रसादांच्या सुचवण्यावरून, कुपोषित मुलं आणि गरोदर आदिवासी स्त्रिया डोळ्यांसमोर ठेवून. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार. आणि सत्तरी ओलांडल्यावर, १९८२-८३ मध्ये, त्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या अध्यक्ष होत्या, संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत होत्या. डाळ, बटाटा, नीर, आणि शेवटी बाजारातला माल. एवढी सरळ रेघ मी फार थोड्या शास्त्रज्ञांच्या आयुष्यात पाहिली आहे, आणि ती रामन यांच्या केबिनमधून जात असली तरी तिथून सुरू होत नाही.

मी नोंद पुन्हा लिहिली. प्रथिनं वर घेतली, अटी खाली नेल्या, केलिन यांचं १९२५ साल घातलं, ‘पहिल्या’ काढलं. नवव्या दिवशी ‘पहिल्या’ परत आलं होतं. कुणीतरी २०२३ च्या गूगल डूडलच्या बातमीचा संदर्भ जोडला होता. संदर्भ नियमाप्रमाणे ठीक होता. मी ते वाक्य काढलं नाही. त्याच्यापुढे जानकी अम्माळ, मिशिगन, १९३१ एवढं लिहून त्यांच्या पानाचा दुवा दिला, आणि इरावतीबाईंचं बर्लिन.